एकच मांस, तीन उत्तरं

ही मालिका पाहिली तर चालेल का? हे गाणं ऐकलं तर? ख्रिस्ती मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, तरुणांचे हे प्रश्न ठरलेले, आणि पाळकांकडून हवं असतं ते फक्त हो किंवा नाही. करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीने प्रेषित पौलाला मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्याच्या मांसाबद्दल असंच विचारलं होतं. बायबलमधल्या, त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचे ८ ते १० हे अध्याय सलग वाचले, तर एकाच मांसाबद्दल तीन वेगळी उत्तरं सापडतात.

देवळातल्या पंगतीला बसून खायचं? नाही. तिथलं जेवण हा उपासनेचाच भाग, आणि प्रभूच्या मेजावर बसणाऱ्याला भुतांच्याही मेजावर बसता येत नाही (१०:२१). बाजारात विकायला आलेलं मांस? खा, चौकशी करत बसू नका (१०:२५), पृथ्वी प्रभूची आहे. विश्वास न ठेवणाऱ्याने जेवायला बोलावलं? जावंसं वाटलं तर जा आणि वाढलेलं खा. पण कोणी मुद्दाम सांगितलं की हा नैवेद्य आहे, तर त्या सांगणाऱ्यासाठी खाऊ नका (१०:२८). मांस तेच. बदललं ते ठिकाण आणि समोरचा माणूस.

आजच्या बऱ्याचशा गोष्टी बाजारातल्या मांसासारख्या आहेत. संगीत, खेळ, तंत्रज्ञान, कपडे यांच्या निर्मात्याचं खासगी आयुष्य खणत बसायची गरज नाही. मित्राकडे सिनेमा पाहणं किंवा सहकाऱ्याच्या समारंभाला जाणं हे तिसऱ्या मेजाचं. देऊळ मात्र ओळखायला अवघड झालंय, कारण ते बऱ्याचदा आत्मविकासाच्या अ‍ॅपमध्ये असतं. श्वास मोजणारं घड्याळ म्हणजे बाजार. पण ‘विश्वाकडे मागा, विश्व देईल’ ही पत्ता बदललेली प्रार्थना आहे. तिथे थांबायचं.

पहिली चूक म्हणजे कथा पारखताना केलेली घाई. शिव्या आणि नग्नता मोजून निकाल दिला जातो, आणि कथेने काय शिकवलं ते तसंच आत शिरतं. चार-पाच जणांनी मिळून पाहावं आणि नंतर अर्धा तास राखून ठेवावा. पहिली दहा मिनिटं कोणीही मत द्यायचं नाही, फक्त सांगायचं: या कथेत बिघाड कशाला म्हटलंय? सुटका कशात आहे? आपल्याला कोणाचा विजय हवासा वाटला? प्रत्येकाने एकेक वाक्य लिहायचं. मग प्रेषितांचा विश्वासांगीकार, म्हणजे ख्रिस्ती विश्वासाचं जुनं, थोडक्यातलं कबुलीवचन, शेजारी ठेवायचा आणि कुठली ओळ घासली जाते ते पाहायचं.

समजा, कथेत मरणारा माणूस आपलं मन संगणकात उतरवतो आणि शेवटी देहातून सुटल्याचा आनंद दाखवलाय. एकही शिवी नाही, सहकुटुंब पाहता येईल. पण विश्वासांगीकार देहाच्या पुनरुत्थानाबद्दल बोलतो, देहापासून सुटकेबद्दल नाही. उलट एखाद्या रक्ताळलेल्या सूडकथेत सूड घेणारा आतून रिकामा होत जातो, आणि पापक्षमेची ओळ तिथे न उच्चारताही ऐकू येते. पहिली वाईट आणि दुसरी चांगली असं याने ठरत नाही, पण बोलायचं कशावर ते कळतं. आणि दुसरी पाहताना ज्याच्या मनात वासना किंवा हिंसा पेटते, त्याने चर्चेचं निमित्त पुढे न करता उठून जावं. ‘संस्कृती समजून घेतोय’ ही सबब फार लवचीक असते.

दुसरी गल्लत ‘दुर्बळ’ या शब्दाची. दुर्बळांना अडखळण होऊ नका, असं पौल त्याच पत्रात सांगतो (८:९). ८:१० मधला दुर्बळ म्हणजे तुम्हाला पाहून स्वतःच्या विवेकाविरुद्ध तेच करायला धजावणारा. नवं काही दिसलं की संतापणारे ज्येष्ठ त्यात बसत नाहीत. त्यांचा मान राखावा, पण त्यांची नावड म्हणजे अडखळण नव्हे. काल दारू सोडलेला माणूस शेजारी असेल, तर मात्र आपला पेला बाजूला ठेवावा. त्यात वाद कसला?

तिसरी चूक सर्वांत कमी बोलली जाते: मजकूर स्वच्छ, पण मापच नाही. रोज तीन तास भक्तिगीतांचे तुकडे सरकवत बसलं, तरी लक्ष तेवढंच विस्कटतं. आठवडाभराचा स्क्रीनचा वेळ आणि पवित्र शास्त्र वाचल्याचा वेळ एकाच कागदावर लिहून पाहावा. ऑनलाइन वादांचंही तसंच. शिकवण शुद्ध असली तरी भाषा कुचकी असेल, तर हार तिथेच झालेली असते. पेत्राचं पहिलं पत्र (३:१५) आपल्या आशेबद्दल उत्तर द्यायला सांगतं ते सौम्यतेने.

आणि जुळवून घेण्याची हद्द? अथेनैत, म्हणजे अथेन्स शहरात, पौलाने ‘अज्ञात देवाला’ असं लिहिलेली वेदी नीट वाचली आणि त्यांच्याच कवीची ओळ उचलली. ती अरातुस या प्राचीन ग्रीक कवीच्या काव्यात आजही सापडते. इथवर ऐकणारे खूश असावेत. मग त्याने मेलेल्यांच्या पुनरुत्थानाचं नाव काढलं. तो भाग गाळला असता तर सभा शांतपणे उठली असती. काहींनी थट्टा केली, काही म्हणाले पुन्हा ऐकू, आणि थोड्यांनी विश्वास ठेवला. त्यांत अरीयपग या अथेनैच्या न्यायसभेचा सभासद दिओनुस्य होता आणि दामारी नावाची एक स्त्री.