पऱ्हाटीले कडबा चारला त्याची गोष्ट

यंदा पाऊस असा लागून राह्यला की आठ दिवस वावरात पाय ठेवता आला नाही, डवरा चालवणं तर सोडाच, अन् उघडीप पडली तोवर पऱ्हाटीपेक्षा, म्हणजे कपाशीपेक्षा, गवत उंच. निंदायला बाया मिळेनात. सगळ्या गावाचं निंदण एकाच आठवड्यात आलं, त्यांचं तरी काय चुकलं. त्यात घरामागची ज्वारीच्या कडब्याची गंजी एका अंगानं भिजून काळी पडलेली, बैल तोंड लावेनात, म्हटलं फेकण्यापेक्षा निंदून झालेल्या पाच-सहा तासांत, म्हणजे पऱ्हाटीच्या ओळींत, अंथरून पाहू. बाबा धुऱ्यावरूनच ओरडले, "काहून रे, पऱ्हाटीले कडबा चारतं काय?"

तीन आठवड्यांनी त्या तासांत बारीक बियांचं गवत बरंच कमी होतं. लव्हाळ्याला मात्र काही फरक नाही, तो गाठीतून येतो, कडबा भोसकून वर.

एका झाडानं रसायन सोडून दुसऱ्याची वाढ दाबायची, याला अ‍ॅलेलोपॅथी म्हणतात, ऑस्ट्रियाच्या हान्स मोलिश यांनी 1937 मध्ये दिलेलं नाव. ज्वारीच्या मुळावरच्या बारीक केसांतून सॉरगोलिओन नावाचं तेलकट रसायन पाझरतं, ते तणाच्या कोवळ्या रोपाचं प्रकाशातून अन्न बनवणंच अडवतं. पण ते मुळाचं, मी तर वरचा कडबा टाकला होता! कडब्यातून निघतात ती फेनॉलिक आम्लं, अन् ती पाण्यात विरघळतात, म्हणजे माझ्या भिजक्या गंजीतलं निम्मं औषध आधीच वाहून गेलं असणार. मग गवत दबलं ते औषधानं की नुसत्या सावलीनं?

म्हणून गंजीच्या आतला सुका कडबा रात्रभर भिजवला, दोन ताटल्यांत माठाचं बी टाकलं, एकीत साधं पाणी, दुसरीत कडब्याचं. कडब्याच्या पाण्यात अर्धंही उगवलं नाही. म्हणजे औषध आहे, पण वावरात सावलीचा वाटा किती ते काही मला सांगता येत नाही बुवा.

एक मात्र आहे, हे औषध तण अन् पीक ओळखत नाही. ताज्या धसकटांत लगेच बारीक बियांचं पीक पेरलं तर त्याचीही उगवण मार खाऊ शकते. शिवाय कडबा मातीत मिसळला तर कुजताना नत्र ओढून घेतो अन् पीक पिवळं पडतं, त्यामुळे वरच राहू द्यावा.

अन् पऱ्हाटी तर त्याहून बेरकी. ज्वारीचं रक्त पिणारा, तिच्या मुळांवर जगणारा टारफुला नावाचा तण माहीतच असंल, त्याचं बी मुळातून येणाऱ्या रसायनाचा इशारा मिळाल्याशिवाय उगवत नाही. स्ट्रायगॉल नावाचं असं रसायन 1966 मध्ये पहिल्यांदा वेगळं काढलं ते पऱ्हाटीच्या मुळांतून. बी फसून उगवतं, पऱ्हाटीवर त्याचं पोट भरत नाही, अन् मरतं. ज्वारीनंतर पऱ्हाटी घेतली की टारफुल्याचं जमिनीतलं बी असं कमी होत जातं.

हे बाबांना सांगितलं अन् लगेच पुढच्या सालासाठी दहा तासांपुरता सुका कडबा मागितला.

"पहिले बैलायले विचार," म्हणाले.