दहा तास झाले, आता ऊठ

जर्मनीत येऊन तिसराच महिना होता. दुसऱ्या दिवशी रिलीज, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बाहेर पडणार, आणि माझ्या नावावर २३ तिकिटं उघडी. आमच्या टेस्टिंगच्या भाषेत तिकीट म्हणजे तपासायचं एकेक काम. सव्वासात वाजले आणि टीम लीड खुर्चीमागे येऊन उभा राहिला. साडेआठला आली होतीस, पाऊण तासाची सुट्टी वजा केली तर दहा तास झाले, आता ऊठ, म्हणाला. मला वाटलं, काळजीने बोलतोय. "एवढंच संपवते," म्हटलं. तर तो हसून म्हणाला, काळजी वगैरे काही नाही, कायदा आहे.

इथला कामाच्या वेळेचा कायदा १९९४ चा आहे. दिवसाला ८ तास काम. गरज पडली तर १० तासांपर्यंत नेता येतं, पण सरासरी पुन्हा ८ वर आणावी लागते. शिवाय आज काम थांबल्यापासून उद्या सुरू होईपर्यंत मध्ये सलग ११ तास विश्रांती हवी. काही क्षेत्रांना सवलती आहेत, आमच्या ऑफिसला नाहीत. म्हणजे त्या रात्री घरी जाऊन गुपचूप लॅपटॉप उघडायची सोयही गेली.

खरं सांगायचं तर मला रागच आला. कामाचा डोंगर तसाच आणि वर घड्याळाची सक्ती! आजवर माझं सगळं नियोजन "रात्री बघू" या दोन शब्दांवर चालायचं. दिवसभर प्रत्येकाला हो म्हणायचं आणि त्याचं बिल रात्रीच्या नावावर फाडायचं. आता ती रात्रच काढून घेतली होती.

मग तास मोजणं सोडून हातातली कामं मोजायला लागले. रांगांच्या गणितात लिटलचा नियम म्हणून एक आहे. जॉन लिटल यांनी तो १९६१ मध्ये सिद्ध केला. नियम सोपा आहे: हातात सरासरी किती कामं आहेत त्याला रोज किती संपतात त्याने भागलं, की एकेक काम सरासरी किती दिवस अडकून राहतं ते कळतं. माझी रोज साधारण ३ तिकिटं संपायची. २३ हातात, म्हणजे प्रत्येक जवळजवळ आठ दिवस लटकलेलं. सहाच हातात ठेवली तर दोन दिवस. यात माझा वेग काडीभरही वाढत नाही, फक्त "माझं कुठवर आलं?" असं विचारणारे कमी होतात. आणि त्यांना उत्तरं देण्यातच माझी निम्मी दुपार जायची.

उरलेली १७ मी टीम लीडच्या यादीत परत टाकली. आधी काय आणि नंतर काय, हे त्याने ठरवायचं. त्याला ते फारसं आवडलं नाही. पण गंमत अशी की त्यातली चार-पाच नंतर कुणी विचारलीच नाहीत.

दुसरी अडचण मधेच काम बदलण्याची. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवलं, की काम अर्धवट टाकून दुसरं घेतलं तर मनाचा एक तुकडा आधीच्या कामातच राहतो. मला हे संशोधन वाचायच्या आधीच माहीत होतं म्हणा. नवी तपासणी समोर, आणि डोक्यात मात्र जुनाच बग. त्यावर तिनेच पुढे सुचवलेला उपाय मला लागू पडला: काम सोडण्याआधी कुठे थांबलो आणि पुढे काय करायचं, ते लिहून ठेवायचं. माझ्या स्क्रीनच्या कडेला परवाची चिठ्ठी अजून चिकटलेली आहे: "लॉगिन. चुकीचा पासवर्ड तीनदा टाकला, ठीक. चौथ्यांदा खातं बंद होतं का बघ." सकाळी ती वाचली की पाच मिनिटांत गाडी रुळावर येते. पूर्वी त्यात अर्धा तास जायचा.

सहाचा आकडा नेहमी पाळला जातो असं नाही. मागच्या महिन्यात सहकारी रजेवर गेली, तिची कामं माझ्याकडे आली आणि यादी अकरावर गेली. तेव्हा रिलीजमधून एक फीचर वगळावं लागलं. ते वगळा, हे मी सोमवारीच सांगितलं. तिसऱ्या महिन्यातली मी असते तर गुरुवारी रात्रीपर्यंत गप्प बसले असते.