चेट बेकर कशाला ऐकवता?

माझ्याकडे ट्रम्पेट शिकायला येणाऱ्या मुलांना मी अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक आणि गायक चेट बेकर ऐकवतो, आणि त्यांचे पालक कधी ना कधी विचारतातच, “सर, ऐकवायला दुसरा कोणी मिळाला नाही का? तुमचा तो चेट बेकर तर गर्दुल्ला होता.” काहीजण पर्यायही सुचवतात, की वाजवणारा आणि गाणारा एकच माणूस हवा असेल तर लुई आर्मस्ट्राँग आहे, आणि मुंबईचा हवा असेल तर आपला चिक चॉकलेट आहे. हे दोघेही मी ऐकवतोच. तरी प्रश्न संपत नाही, म्हणून एकदाचे सविस्तर लिहितो.

तुम्ही वाचलेत ते खरे आहे. हेरॉइन, १९६० साली इटलीत लुक्का येथे झालेली अटक आणि नंतरचा तुरुंगवास, मुलाबाळांची केलेली हेळसांड, १३ मे १९८८ रोजी अॅम्स्टरडॅममधल्या हॉटेलच्या खिडकीतून पडून आलेला मृत्यू, यातले काही मी मुलांपासून लपवत नाही. १९५४ मध्ये ‘डाउनबीट’ या अमेरिकन जॅझ मासिकाच्या वाचकांनी त्याला पहिल्या क्रमांकाचा ट्रम्पेटवादक ठरवले, तेव्हा डिझी गिलेस्पी आणि माइल्स डेव्हिस हे दिग्गज कृष्णवर्णीय ट्रम्पेटवादक हयात होते आणि जोमात वाजवत होते. त्या कौलात त्याच्या गोऱ्या, देखण्या चेहऱ्याचा वाटा होता, हेही मी सांगतो. मात्र नाके मुरडणाऱ्यांपेक्षा मला जास्त राग येतो तो, “इतके भोगले म्हणूनच इतके आर्त वाजले” असे म्हणून उसासे टाकणाऱ्यांचा. त्यांच्यासाठी दातांचा प्रसंग मुद्दाम सांगावासा वाटतो.

१९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात काही जणांनी बेकरला बेदम मारले. दात नेमके कसे गेले याची हकिकत तो स्वतःच प्रत्येक वेळी निराळी सांगे; पण मार बसलेला होता, मूळचे दात किडलेले होते आणि शेवटी वरचे दात काढून कवळी बसवावी लागली, एवढे नक्की. ट्रम्पेट कधी तोंडाला न लावलेल्या माणसाला यातली भीषणता कळणार नाही. या वाद्याला वॉल्व्ह, म्हणजे बोटांनी दाबायच्या कळा, तीनच असतात; त्यांच्या एकाच पकडीत अनेक सूर दडलेले असतात आणि त्यातला कोणता वाजायचा हे ओठ ठरवतात. स्वतःचे बोट वरच्या ओठावर आडवे दाबून पाहा, म्हणजे आत दात लागतील. माउथपीसची, म्हणजे ओठांना लावायच्या वाटीसारख्या टोकाची, कड तिथेच टेकते, आणि त्या आधारावर ओठाचा मधला चिमूटभर भाग थरथरून सूर निघतो. कवळी आली की आधाराची जाडी बदलते, हवा कडेने निसटते, वरच्या सुरासाठी जरा दाब दिला तर कवळीच जागची हलते, आणि स्नायूंना वर्षानुवर्षे लागलेली सवय मदत करण्याऐवजी आडवी येते. त्यातून बेकरचा समोरचा एक दात लहानपणीच दगड लागून पडला होता आणि ती फट घेऊनच तो वाजवायला शिकला होता, म्हणजे त्याची सारी कमाई त्या एका तोंडाच्या घडणीवर उभी होती. ती घडणच मोडली. मधल्या काळात त्याने पेट्रोल पंपावर काम केले, कवळी लावून सूर नव्याने बसवले, आणि १९७३ मध्ये गिलेस्पीने शब्द टाकल्यावर न्यूयॉर्कच्या हाफ नोट क्लबमध्ये तो पुन्हा वाजवायला उभा राहिला. दुःखाने कोणाचा सूर लागत नाही, तो असा बसवावा लागतो.

मुलांना मी त्याचे गाणे आधी ऐकवतो. आवाजात कंप जवळजवळ नाही, ताकद बेताचीच, माइकच्या अगदी जवळ येऊन बोलल्यासारखे गाणे. तोच माणूस ट्रम्पेट उचलतो तेव्हा वाक्ये तशीच पडतात, जिथे श्वास संपतो तिथेच थांबतात. लग्नाच्या बँडचे वाजवणे कानात घेऊन आलेल्या मुलाला वरच्या सुरावर चढण्याची भारी घाई असते. त्याला मी ट्रम्पेट खाली ठेवून ती ओळ आधी गायला लावतो. इथे बेकरइतका उपयोगी दुसरा कोणी मला सापडलेला नाही.

तरुणपणी मी तावातावाने सांगत असे की रेकॉर्ड ऐकावी, माणसाची चौकशी करू नये. आज तसे म्हणायला जीभ रेटत नाही, कारण त्याच्या घरच्यांना ही सोय नव्हती. आणि त्याचे ‘माय फनी व्हॅलेंटाइन’ हे गाणे १९५४ चे लावून मग १९८७ चे टोकियोतले लावले, की उसासे टाकणाऱ्यांना मी वर दिलेले उत्तर मलाच अपुरे वाटू लागते. दुसऱ्यात जे आहे ते निव्वळ रियाझाचे आहे, असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

मध्यंतरी एका विद्यार्थिनीची आई क्लास संपल्यावर थांबली. तिने आक्षेप घेतला नाही, वादही घातला नाही. “माझा भाऊ गर्दापायी गेला, सर. या माणसाचे कौतुक आमच्या घरात नको,” एवढेच म्हणाली. एरवी तोंडपाठ असलेली सगळी उत्तरे माझ्याकडे होती, पण त्यातले एकही मी दिले नाही, आणि त्या मुलीच्या यादीतून बेकर काढला. संगीत आणि माणूस वेगळे असतील तर तो काढायला नको होता. वेगळे नसतील तर बाकीच्यांच्या यादीत तो का आहे, असे तुम्ही आता विचाराल. विचारा. त्या मुलीला मी सध्या क्लिफर्ड ब्राउन हा व्यसनांपासून दूर राहिलेला जॅझ ट्रम्पेटवादक देतो, आणि इतरांना पुढच्या आठवड्यातही बेकरच ऐकवणार आहे.