म्युझिकब्रेन्झची आरडीएफ प्रत ताजी ठेवताना : खोडलेल्या ओळींचा हिशेब

म्युझिकब्रेन्झ या संगीताच्या खुल्या माहितीकोशाच्या पोस्टग्रेस डेटाबेसची घरची प्रत आता दर तासाला येणाऱ्या रेप्लिकेशन पॅकेटांवर (मूळ डेटाबेसमधल्या बदलांच्या गठ्ठ्यांवर) बिनबोभाट चालते आहे. त्यामुळे या टप्प्यात सगळे लक्ष त्या प्रतीवरून तयार होणाऱ्या आरडीएफ रूपाकडे, म्हणजे माहिती ‘कर्ता–संबंध–कर्म’ अशा तीन भागांच्या विधानांत (ट्रिपलांत) मांडणाऱ्या रूपाकडे, देता आले. टेबलमधल्या ओळींपासून ट्रिपल कसे बनवायचे हे सांगणारे मॅपिंग आरटूआरएमएलमध्ये आहे. ही भाषा सप्टेंबर २०१२ पासून वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीची अधिकृत शिफारस आहे, आणि लिंक्डब्रेन्झ प्रकल्पाने म्युझिक ऑन्टॉलॉजी या संगीतविषयक संज्ञासंग्रहावर बेतलेल्या मॅपिंगचाच सांगाडा मी घेतला आहे.

ऑन्टॉप हे साधन स्पार्कल या आरडीएफच्या प्रश्नभाषेतील क्वेरीचे एसक्यूएलमध्ये रूपांतर करून थेट डेटाबेसलाच विचारते, म्हणून तिथे माहिती शिळी होण्याचा प्रश्न उद्भवत नाही. मात्र एका कलाकारापासून दुसऱ्यापर्यंत कितीही पायऱ्यांनी जाणारे मार्ग शोधणे त्या आभासी रूपावर जमत नाही, आणि मला तर मुख्यतः तेच हवे होते. म्हणून जेना फुसेकी या ट्रिपल साठवणाऱ्या सर्व्हरमध्ये साठवलेली प्रत ठेवली आणि ती ताजी ठेवण्याची जबाबदारीही ओघाने आली.

नव्या ओळीचे ट्रिपल घालणे सोपे असते. खरी कसोटी ओळ खोडली जाते तेव्हा लागते. एकाच ध्वनिमुद्रणात एका कलाकाराचे गायनही आहे आणि हार्मोनियमवादनही, तर डेटाबेसमध्ये संबंधांच्या दोन ओळी असतात, पण माझ्या मॅपिंगमध्ये दोन्हींतून एकच ट्रिपल निघतो. त्यांतली एक ओळ गेली, तरी दुसरीच्या आधारावर तो ट्रिपल राहिला पाहिजे. प्रत्येक ट्रिपलला किती ओळींचा आधार आहे, याची मोजणी ठेवता येते खरी. पण तो हिशेब एकदा चुकला की कायमचा चुकतो, आणि हौशी कामाला ते परवडणारे नाही.

त्याऐवजी प्रत्येक कलाकाराला आणि प्रत्येक ध्वनिमुद्रणाला स्वतःचा नामांकित ग्राफ (ट्रिपलांचा नाव दिलेला संच) दिला आहे. संपूर्ण पॅकेट लागू झाल्यावरच, बदललेल्या ओळींवरून बाधित ग्राफांची यादी तयार होते; त्या प्रत्येकाचे ट्रिपल ऑन्टॉपकडून नव्याने घेतले जातात आणि पुट विनंतीने जुना ग्राफ समूळ बदलला जातो. खोडण्याचा वेगळा विचार करावाच लागत नाही.

वेळ खाल्ला तो या यादीनेच. आशा भोसले आणि किशोर कुमार यांचे जोडनाम ही आर्टिस्ट क्रेडिट टेबलमधली एक ओळ आहे आणि तिच्यावर अनेक युगुलगीते टेकलेली असतात. तिच्यात एक अक्षर बदलले, तरी ती सगळी ध्वनिमुद्रणे यादीत यावी लागतात. उलटपक्षी, प्रलंबित संपादनांची संख्या सांगणारा रकाना सतत बदलतो, पण आरडीएफमध्ये त्याचे काहीच उमटत नाही. असे निरर्थक लेखन टाळण्यासाठी नव्या ग्राफचे ट्रिपल क्रमवारीने लावून त्यांचा हॅश (मजकुराचा छोटा ठसा) काढतो आणि तो आधीच्या हॅशशी जुळला, तर फुसेकीला हातही लावत नाही. यासाठी निनावी नोड (स्वतःची कायमची ओळख नसलेले घटक) पूर्णपणे काढून टाकावे लागले, कारण दर वेळी त्यांची नावे बदलतात आणि हॅश कधीच जुळत नाही. (निनावी नोडांविषयी माझे मत आधीपासूनच फारसे चांगले नव्हते.)

दोन कलाकारांच्या नोंदी एकत्र केल्या जातात, तेव्हा एकाची ओळ नाहीशी होते आणि त्याचा एमबीआयडी (म्युझिकब्रेन्झमधली कायमची ओळखखूण) पुनर्निर्देशनाच्या टेबलमध्ये जातो. अशा वेळी जुना ग्राफ रिकामा न करता त्यात नव्या आयआरआयकडे (वेब-पत्त्यासारख्या ओळखीकडे) बोट दाखवणारा एकच ट्रिपल ठेवतो, म्हणजे बाहेरून जोडलेले दुवे तुटत नाहीत.

डेटाबेसच्या रचनेतील बदलांची सोय अजून हातानेच करावी लागते. स्कीमाचा क्रमांक बदलला की प्रत सुधारेपर्यंत रेप्लिकेशन थांबते, ही एका परीने सोयच आहे. तेवढ्या अवधीत मॅपिंगमधली प्रत्येक एसक्यूएल क्वेरी नव्या रचनेवर तपासून घेणारी छोटी स्क्रिप्ट सध्या लिहीत आहे.