घाटात भरलेली ऑटोमॅटिक पिकअप आणि गिअरबॉक्सचा जादा ऑइल कूलर

प्रत्येक पिकअपच्या गिअरबॉक्सला जादा कूलर हवा, हा गैरसमज आधी काढू. साताऱ्या-सांगलीच्या रस्त्यावर ज्या पिकअप दिसतात, त्यातल्या बहुतेक मॅन्युअल. बोलेरो पिकअप असो की टाटाची योद्धा, त्यांच्या गिअरबॉक्सला ऑइल कूलर लागत नाही. त्यात टॉर्क कन्व्हर्टरच (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) नाही. हा सगळा विषय इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्सच्या ऑटोमॅटिक गाड्यांचा, आणि त्यातही भरून घाट चढणाऱ्यांचा.

ऑटोमॅटिकमध्ये उष्णता मुख्यतः टॉर्क कन्व्हर्टर तयार करतो. वेग कमी, चढ जास्त, पायाखाली अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला. अशा वेळी लॉक-अप (कन्व्हर्टरला घसरू न देता थेट जोडणारा क्लच) सुटलेला असतो आणि इंजिनची बरीच ताकद ऑइल घुसळण्यात जाते. वाईहून पसरणी घाटानं पाचगणीला जाताना साधारण साडेपाचशे मीटर उंची चढावी लागते. पुढं उसाची ट्रॉली रांगत असली की ते घुसळणं वरपर्यंत थांबत नाही. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून पाटणकडे येताना हाच प्रकार, तोही कोकणातल्या उकाड्यातून सुरुवात करून.

कंपनीचा कूलर बहुतेक वेळा रेडिएटरच्या टाकीत बसवलेला असतो. भोवती कुलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) असतं, तेही गरमच, त्यामुळं ऑइल त्याच्या खाली जाऊ शकत नाही. 80 ते 95 अंश ही रोजची चाल. घाटात थोडा वेळ 105 दाखवलं तर घाबरायचं कारण नाही. 120 ओलांडून तिथंच रेंगाळत असेल, तर ऑइल करपायला लागतं, सील कडक होतात, व्हॉल्व्हवर वार्निशसारखा थर बसतो आणि गिअर झटका देऊन पडायला लागतात.

म्हणून कूलर मागवण्याआधी तापमान मोजा. स्कॅनर ओबीडीला (डॅशबोर्डखालच्या तपासणीच्या सॉकेटला) लावून ट्रान्समिशन ऑइलचं तापमान वाचता येतं, पण हा आकडा कंपनीगणिक वेगळ्या कोडवर असतो; साध्या स्वस्त अ‍ॅपमध्ये तो दिसेलच असं नाही. इन्फ्रारेड गननं गिअरबॉक्सचं चेंबर (खालची ऑइलची टाकी) मोजणार असाल तर चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर ती खूप कमी आकडा दाखवते. त्या जागी काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि टेपवर नेम धरा. तरी आतल्या ऑइलपेक्षा बाहेरचा आकडा थोडा कमीच येणार. भरलेल्या गाडीनं घाट चढूनही 105 च्या आत राहत असाल तर पैसे वाचवा आणि ऑइल वेळेवर बदला. आणि हौद्यात क्षमतेच्या दुप्पट माल टाकायची सवय असेल तर कूलरनं ती पचणार नाही. ब्रेक आणि पाटे आधी बोलतील.

कूलर घ्यायचा तर स्टॅक्ड प्लेट (एकावर एक प्लेटा रचलेल्या) जातीचा. नळी-जाळीवाला स्वस्त पडतो, पण तेवढ्याच जागेत कमी उष्णता टाकतो. समोर 11 बाय 8 इंचांच्या आसपासचा कूलर बसतो; त्याहून मोठा घेतला तर एसीच्या कंडेन्सरचं तोंड झाकलं जातं आणि ट्रॅफिकमध्ये एसी मऊ पडतो. सोबत ट्रान्समिशन ऑइल कूलरसाठीचाच होज, बहुधा 3/8 इंच आतल्या मापाचा, पण गाडीच्या नळीचं माप घेऊनच. दोन मीटर पुरतो, अडीच आणा. इथं सगळ्यात जास्त फसवणूक होते. दुकानदार 'हाच चालतो' म्हणून डिझेलचा नाहीतर हीटरचा पाइप हातात देतो. गरम एटीएफमध्ये (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइलमध्ये) तो काही महिन्यांत फुगतो, मऊ पडतो आणि निप्पलवरून (होज बसतो त्या नळीच्या तोंडावरून) निसटतो. होजवर एसएई जे1532 छापलेलं नसेल तर घेऊ नका. क्लिपाही चिरा पाडलेल्या पट्टीच्या नकोत. त्या रबर कापतात. फ्यूल इंजेक्शनच्या सपाट पट्टीच्या चार क्लिपा घ्या.

ऑइलचा हिशोब सोपा आहे. साडेनऊ मिलिमीटर पोकळीच्या दोन मीटर होजमध्ये सुमारे 140 मिली राहतं, कूलरमध्ये तीनशे-चारशे धरा. म्हणजे अर्धा लिटर जादा, वर सांडलवंड आणि तपासणीत निघणारं. दोन लिटर आणा, पण गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच. टोयोटाला डब्ल्यूएस ग्रेडचं लागतं. 'सगळ्या गाड्यांना चालणारं' एटीएफ या कामात आणू नका.

जाळी आणि बंपर काढताना जुने प्लास्टिकचे खटके तुटतातच, दहा-बारा नवे जवळ ठेवा. कूलर कंडेन्सरच्या पुढं, एका कोपऱ्यात, किमान आठ-दहा मिलिमीटर फट ठेवून. किटमध्ये प्लास्टिकचे लांब दांडे येतात, कंडेन्सरच्या जाळीतून आरपार घालून कूलर लटकवायला. ते सरळ फेकून द्या. आपल्या रस्त्यांवर ते महिनोन् महिने घासतात, कंडेन्सरला भोक पाडतात आणि एसीचा गॅस गेला की दोष भलत्यालाच लागतो. 25 बाय 3 मिलिमीटरची लोखंडी पट्टी वेल्डरकडून वाकवून घ्या, रेडिएटरच्या आडव्या पट्टीला दोन ठिकाणी आणि खाली एका ठिकाणी धरा, एम6 बोल्टाखाली रबरी वायसर घाला. कूलरची तोंडं वर किंवा बाजूला. खाली ठेवली तर आत हवा अडकून वरचा भाग कोरडा राहतो. आणि तोंडांवरची प्लास्टिकची टोपणं होज लावेपर्यंत काढू नका. एक धातूचा कण व्हॉल्व्ह बॉडीत (गिअर बदलणाऱ्या व्हॉल्व्हच्या ठोकळ्यात) गेला तर कूलरच्या कितीतरी पट खर्च.

आता परतीची नळी ओळखणं. क्रम असा हवा: गिअरबॉक्स, रेडिएटरमधला कूलर, नवा कूलर, परत गिअरबॉक्स. रेडिएटरचा कूलर वगळायचा नाही. सकाळच्या थंडीत तोच ऑइल लवकर गरम करतो. बरेच फिटर नळीला हात लावून 'गरम ती येणारी' म्हणतात. गाडी नुकती चालू केलेली असेल तर हे साफ उलटं पडतं, कारण तेव्हा कुलंट ऑइलच्या आधी तापलेलं असतं आणि परतीची नळीच जास्त गरम लागते. खात्रीचा मार्ग एकच. रेडिएटरजवळचा एक रबरी होज काढा, होजच्या तोंडाखाली एक आणि रेडिएटरच्या निप्पलखाली एक डबा ठेवा, जोडीदाराला दोन-तीन सेकंद इंजिन चालवायला सांगा. ऑइल रेडिएटरच्या निप्पलमधून आलं तर काढलेला होज परतीचा. होजमधून आलं तर दुसरा.

परतीचा तो मूळ रबरी होज काढून त्या जागीच नवं जोडकाम करा: रेडिएटरच्या निप्पलपासून कूलरपर्यंत एक होज, कूलरपासून लोखंडी नळीपर्यंत दुसरा. लोखंडी नळी कापू नका. तिच्या टोकाला जो उठाव असतो तोच होज धरून ठेवतो. कापलेल्या गुळगुळीत नळीवर क्लिप कितीही आवळली तरी दाबात होज सरकतो. होज निप्पलवर इंचभर आत, क्लिप उठावाच्या मागं, रबर क्लिपच्या कडेनं किंचित फुगेल इतकीच आवळायची. वळण चार इंचांपेक्षा आखूड नको. पत्र्याच्या भोकातून होज जात असेल तर भोकाला ग्रोमेट (रबरी कडं) हवंच. काढलेला मूळ होज दोन क्लिपांसह टूलबॉक्समध्ये टाका. दगड लागून कूलर फुटला तर रस्त्यावरच नवा भाग वगळून मूळ जोडणी करता येते, मात्र गळालेलं ऑइल भरल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

शेवटचा जोड लावण्याआधी कूलरकडून येणारा होज खुणा केलेल्या बाटलीत सोडा आणि न्यूट्रलला इंजिन चालवा. अर्धा लिटर साधारण 10 ते 15 सेकंदांत यायला हवं. थेंब-थेंब येत असेल तर होज कुठंतरी दुमडलाय नाहीतर आधीच गाळ अडकलाय. निघालेलं ऑइल रंग बघून टाकून द्या आणि तेवढंच नवं भरा. गुलाबी, दुधाळ दिसलं तर काम तिथंच थांबवा. रेडिएटरच्या आत कुलंट ऑइलमध्ये मिसळतंय. रेडिएटर बदलल्याशिवाय पुढं जाऊ नका.

लेव्हल हा कामाचा सगळ्यात नाजूक भाग. कूलर उत्तम बसवून अर्धा लिटर ऑइल कमी ठेवलं तर घाटात पंप हवा ओढतो आणि गिअरबॉक्सच्या आतले क्लच घसरून जळतात. जास्त झालं तर ऑइल फेसाळून ब्रीदरमधून (हवा जायच्या भोकातून) बाहेर येतं. डिपस्टिक नसलेल्या गिअरबॉक्सला ओव्हरफ्लो प्लग असतो: गाडी चारही बाजूंनी सपाट, गिअरचा दांडा पी-आर-एन-डी प्रत्येकात थोडं थांबवून परत पी, इंजिन चालूच, आणि ऑइल पुस्तकात दिलेल्या तापमानाला आल्यावर प्लग काढायचा. बारीक धार येऊन थेंब पडायला लागले की लेव्हल बरोबर. काहीच आलं नाही तर भरत राहा. पुढची चाकं रॅम्पवर चढवून हे केलं तर लेव्हल चुकणार, आणि गॅरेजात नेमकं तेच केलं जातं.

50 किलोमीटरनंतर क्लिपा कोरड्या फडक्यानं पुसून बघा, 500 नंतर पुन्हा. लाल डाग दिसला तर क्लिप अर्धा फेरा. घाटात डीवर सोडून देण्यापेक्षा मॅन्युअल मोडमध्ये एक गिअर खाली ठेवा: आरपीएम वाढला की पंप जास्त ऑइल फिरवतो, पंखा जास्त हवा ओढतो, कन्व्हर्टरही कमी घसरतो. वर पोचल्यावर डीमध्ये ब्रेक दाबून उभं राहू नका; पी टाकून इंजिन दोन मिनिटं चालू ठेवा.

गळीत हंगामात दर आठवड्याला जाळी बघा. पाचटाचे तुकडे आणि धूळ मिळून कूलरवर गोधडीसारखा थर धरतात. साध्या नळाच्या पाण्यानं, जमेल तितकं इंजिनच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला धुवा. सर्व्हिसिंगवाल्याच्या प्रेशरच्या पिचकारीनं पंख सपाट आडवे होतात; तिथं गाडी लावण्याआधीच त्याला तसं सांगून ठेवा.