फिटर ट्रेड: चिपिंगला अडकलो तो स्टोअरपाशी

आयटीआयला फिटर ट्रेडच्या पहिल्या वर्षात मार्किंग, हॅक्सॉ, फायलिंग सगळं सुरळीत झालं. चिपिंग, म्हणजे छन्नी-हातोडीने धातू छिलणं, आलं आणि गाडी अडली.

स्टोअरमधून मिळालेल्या छन्न्यांची डोकी घाव खाऊन छत्रीसारखी पसरली होती, कडा फाटलेल्या. अशा डोक्यावर हातोडी बसली की कडेचा तुकडा उडतो. डोळा जाऊ शकतो. यात छन्नीचा दोष नाही. पाणी, म्हणजे तापवून-विझवून आणलेला कठीणपणा, फक्त धारेच्या बाजूला दिलेलं असतं, डोकं मऊ ठेवतात, ते पसरणारच. म्हणून तर ते वेळोवेळी घासायचं असतं.

नवी मागितली तर उत्तर, "आधी जुन्यांचं निर्लेखन होऊ दे." म्हणजे जुन्या छन्न्या बाद ठरवून वहीतून कमी करायच्या. प्रस्ताव कुठे आहे? साहेबांच्या टेबलावर. साहेब कुठे? रजेवर. मग म्हटलं, आम्हीच ग्राइंडरवर घासतो. तर ग्राइंडरच्या खोलीची चावी स्टोअरमध्येच, आणि "नोंदवहीतल्या वस्तूला हात लावायचा नाही." अहो, डोकं घासणं आम्हाला शिकवायचंच आहे ना? भिंतीवर सुरक्षिततेचा फलक, खाली ही हत्यारं, आणि पोरं तीच ती कानस घासत बसलेली. आजही आठवलं की डोकं तापतं.

शेवटी आमच्या सरांनी सांगितलं, "नवी छन्नी मागू नकोस. 'असुरक्षित हत्यार' असा लेखी अर्ज दे आणि आवक क्रमांक घे." क्रमांक पडला आणि त्याच दुपारी चावी मिळाली! हे लक्षात ठेवा, तोंडी बोलण्यात दिवस घालवू नका.

धार लावताना माइल्ड स्टीलसाठी कोन 55 अंश, ओतीव लोखंडाला 60, तांब्याला 45. धार मधे किंचित फुगीर ठेवा, कोपरे रुतत नाहीत. पाण्यात बुडवत राहा; धार निळी पडली की पाणी उतरलं. मारताना नजर धारेवर, डोक्यावर नाही. ओतीव लोखंडाचा जॉब (ज्यावर काम करतो तो तुकडा) असेल तर शेवटाला पोहोचण्याआधी उलट बाजूने या, नाहीतर कड तुटते. माझ्या जॉबच्या चारही कडा शाबूत राहिल्या, सरांनी तो बाकीच्यांना दाखवला.

गॉगल आणि समोर जाळी हवीच, हे आधी लिहायला हवं होतं. आणि स्टोअरच्या वहीत सही करताना शेऱ्याच्या रकान्यात 'डोके पसरलेले' असं स्वतःच्या हाताने लिहा.