‘ताई, चांगलं क्रीम कोणतं?’

आठवड्यातून दहा वेळा तरी हा प्रश्न माझ्या काउंटरवर येतो. कुणी चेहऱ्यासाठी विचारतं, कुणी खाजेसाठी. कुणी मुंबईच्या सुनेने पाठवलेला मोबाइलमधला फोटो दाखवतं. सिंधुदुर्गात औषधांचं दुकान चालवायला लागून मला बावीस वर्षं झाली, पण या प्रश्नाला एका नावात उत्तर मी देत नाही. आधी उलट विचारते: जागा कोणती, आणि ती ओली आहे की कोरडी?

आमच्याकडे भातलावणीच्या दिवसांत बायका चिखल्या घेऊन येतात. दिवसभर पाण्यात उभं राहून बोटांच्या बेचक्यातली कातडी पांढरी, फुगलेली, सोलवटलेली असते. त्यावर चिकट मलम थापलं की ओल आतच कोंडते आणि दुखणं वाढतं. तिथे पाय धुऊन बेचक्या जुन्या सुती कापडाने कोरड्या करायच्या, मग बुरशीवरचं हलकं क्रीम किंवा पावडर. मधुमेह असेल, पाय सुजला असेल किंवा ताप असेल तर माझ्याकडे थांबायचं नाही, थेट डॉक्टरांकडे जायचं.

त्याच बायका थंडीत टाचांच्या भेगा घेऊन येतात, आणि तेव्हा सगळं उलटं. आता तेलकट, जाड मलमच हवं. माझी आजी कोकमाच्या बियांचं मुठेल दिव्यावर जरासं धरायची आणि विरघळलेला थेंब भेगेत सोडायची. ते पक्कं शास्त्र होतं: चरबीचा थर बसला की त्वचेतलं पाणी उडून जात नाही. पेट्रोलियम जेली हेच करते. टाच फार राठ असेल तर युरिया असलेलं क्रीम घ्या. पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवून, टिपून, कातडीत ओलावा असतानाच लावा.

म्हणजे ट्यूबमधलं औषध जितकं महत्त्वाचं, तितकंच ते कशात कालवलंय हेही. डोक्याच्या केसांत मलम कसं चोळणार? तिथे लोशन. तेलकट, मुरुमांच्या चेहऱ्याला जेल, कोरड्याला क्रीम. मुरुमांसाठी डॉक्टरांनी अ‍ॅडापलीन दिलं असेल तर अख्ख्या चेहऱ्याला वाटाण्याएवढं पुरतं, तेही रात्री. पहिले काही आठवडे त्वचा कोरडी पडते, सोलते, आणि फरक दिसायला दोन-तीन महिने जातात. पंधरा दिवसांत ‘उपयोग नाही’ म्हणून सोडू नका. मात्र दिवस गेले असतील किंवा मूल हवं असेल तर ते आधी सांगा, कारण तेव्हा हे वापरत नाहीत.

आता ज्याच्यासाठी मी हे खरं तर लिहितेय ते. ‘ताई, खाजेर मलम दी गो,’ म्हणत माणूस येतो आणि शेजाऱ्याने दिलेली रिकामी ट्यूब पुढे करतो. जांघेत गजकर्ण, म्हणजे बुरशी असते. ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि जोडीला कडक स्टिरॉइड. दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते, माणूस खूश. पण स्टिरॉइडने फक्त त्वचेची तक्रार गप्प केलेली असते. बुरशी पसरतच राहते, ट्यूब थांबली की दुप्पट उसळते, आणि तोवर तिचा गोल काठही ओळखू येईनासा होतो. त्यात सगळीकडची कातडी सारखी नसते. १९६७ साली हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड लावून मोजलं, तेव्हा कोपराखालच्या हाताच्या तुलनेत जबड्यावरून ते सुमारे १३ पट आणि वृषणाच्या त्वचेतून ४२ पट आत शिरलं. तळहाताला चालेल ते जांघेला चालेलच असं नाही, आणि चेहऱ्याला तर नाहीच.

तीन वर्षांपूर्वी एक मुलगी आली, लग्न ठरलेली. गोरं व्हायला आठ महिने अशीच एक ट्यूब चेहऱ्याला लावत होती. गाल लालबुंद, कातडी इतकी पातळ की बारीक शिरा दिसत होत्या, हनुवटीवर पुटकुळ्या आणि लव. ‘बंद केलं की आग होते, म्हणून लावते,’ म्हणाली. तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलं. सुधारायला वर्ष गेलं. ती ट्यूब तिला दुसऱ्या एका दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळाली होती. २०१८ साली सरकारने त्वचेवर लावायची बरीच स्टिरॉइडं चिठ्ठीवरच विकायच्या यादीत घातली, तरी हे घडतं. याचा मला राग येतो, आणि तो माझ्याच धंद्यावरचा राग आहे.

स्टिरॉइड वाईट नाही. एक्झिमाला, म्हणजे इसबाला, डॉक्टर देतात तेव्हा ते घाबरून टाळणंही चूकच. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर एक रेघ ओढली की अर्धा ग्रॅम होतो. तो दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतो, बोटं धरून. तेवढंच, आणि सांगितले तेवढेच दिवस.

चिठ्ठीशिवाय आणलेल्या ट्यूबवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकी कुठलं स्टिरॉइड दिसलं तर थांबा. अक्षर फार बारीक असतं, मलाही चष्मा लागतो. रिकामी असली तरी ट्यूब घेऊन या, आपण दोघं मिळून वाचू.